लायब्ररी संगणकावर नको, कामासोबत हवी
(लेखांक सातवा)

मागच्या लेखांकात आपण पाहिले की स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमधली पायथन स्क्रिप्ट स्वतःच्या बळावर बरेच काही करते: चौकटी आखते, मजकूर भरते, शैली लावते, पीडीएफ काढते. पण ग्राहक एक्सेलची फाइल घेऊन येतो आणि स्क्रायबसला एक्सेल वाचता येत नाही. तिथे दुसऱ्या कोणीतरी लिहिलेली तयार लायब्ररी बोलवावी लागते. ती पिप या पायथनच्या साधनाने बसवतात आणि बहुतेकांचे काम इथेच अडते. ‘पिपने टाकली, टाकली गेली असा संदेशही आला, तरी स्क्रायबस म्हणतो सापडत नाही’ ही तक्रार ब्लेंडर, फ्रीकॅड, इंकस्केप वापरणारेही करतात. यावर सहसा मिळणारा सल्ला असा, की या ना त्या युक्तीने लायब्ररी एकदाची त्या सॉफ्टवेअरच्या पोटात घाला आणि मोकळे व्हा. माझे मत वेगळे आहे. डिझाइनच्या स्क्रिप्टला लागणारी लायब्ररी संगणकावर बसवायची वस्तूच नाही. छायाचित्रे आणि फाँट जसे कामाच्या फोल्डरात ठेवतो, तशीच तीही आवृत्ती ठरवून त्याच फोल्डरात ठेवावी.

हे मत कुठून आले ते कळायला एक नेहमीचे काम डोळ्यांसमोर ठेवू. वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेसारख्या वस्तीत डीटीपीच्या दुकानाचे वर्षाचे गणित लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल यांवर चालते. सहकारी संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यावी लागते. त्यामुळे अहवालांची कामे ऑगस्ट-सप्टेंबरात एकदम येऊन पडतात. अहवालाच्या शेवटी सभासदांची यादी असते, ती एक्सेलमध्ये मिळते आणि सभेच्या आदल्या आठवड्यापर्यंत तिच्यात नावे घातली-काढली जातात. दर दुरुस्तीला चार स्तंभांची यादी हाताने पुन्हा लावण्याऐवजी एक स्क्रिप्ट चालवणे केव्हाही शहाणपणाचे. मात्र हे काम एकदाच येत नाही. ते वर्षाने परत येते, आणि मधल्या वर्षभरात संगणक फॉरमॅट झालेला असतो, स्क्रायबसची नवी आवृत्ती आलेली असते, कधी यंत्रच बदललेले असते. गेल्या वर्षीची स्क्रिप्ट यंदा तशीच चालली पाहिजे, ही खरी गरज आहे. लायब्ररी कुठे ठेवायची याचा निर्णय याच गरजेवरून करायला हवा.

आता ‘सापडत नाही’ याचे कारण पाहू. एका संगणकावर एकाहून अधिक पायथन सुखाने नांदतात. पायथनच्या संकेतस्थळावरून आपण उतरवलेला एक असतो. विंडोजवर स्क्रायबससोबत त्याचा स्वतःचा असा दुसरा येतो. ब्लेंडर टाकले असेल तर त्याचा तिसरा. आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत दिलेली पिपची आज्ञा पहिल्याला लागू होते, स्क्रिप्ट मात्र दुसऱ्यात चालते. दोघांची फोल्डरे वेगळी, अनेकदा आवृत्त्याही वेगळ्या. म्हणून ओपनपायएक्सएल या एक्सेल वाचणाऱ्या लायब्ररीबद्दलचा ‘नो मॉड्यूल नेम्ड ओपनपायएक्सएल’ हा संदेश खरा असतो आणि ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ हाही खराच असतो. स्क्रायबसच्या स्क्रिप्ट मेनूतला कन्सोल उघडून ‘सिस’ मॉड्यूलला त्याची ‘व्हर्जन’ आणि ‘पाथ’ विचारली, की हा पायथन कोणता आणि तो लायब्ऱ्या कुठे-कुठे शोधतो हे लगेच दिसते. आंधळेपणाने उपाय करण्याआधी ही दोन उत्तरे कागदावर उतरवून घ्यावीत. सर्रास सांगितला जाणारा एक उपाय इथे फसतो, म्हणून थोडे थांबतो. ‘सिस’मधल्या ‘एक्झिक्युटेबल’ला पिप चालवायला सांगा, असा तो उपाय आहे. साध्या पायथनमध्ये त्या नावाखाली पायथनचाच पत्ता असतो. पण विंडोजवर दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत चालणाऱ्या पायथनमध्ये तिथे बहुधा यजमान सॉफ्टवेअरचा पत्ता निघतो. मग लायब्ररी बसण्याऐवजी त्या सॉफ्टवेअरची दुसरी खिडकी उघडते आणि वापरणारा गोंधळून जातो. ब्लेंडरने आपल्या नव्या आवृत्त्यांत ही अडचण दूर केली, सगळ्यांनी केलेली नाही.

दुसरी गाठ लायब्ररीच्या जातीची. पायथनची तयार लायब्ररी ‘व्हील’ नावाच्या फाइलीत येते आणि त्या फाइलीचे नावच सगळे सांगते. ओपनपायएक्सएलच्या फाइलीच्या शेवटी ‘नन-एनी’ असते. म्हणजे ती निखळ पायथनमध्ये लिहिलेली आहे आणि कोणत्याही यंत्रणेवर चालेल. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या फाइलीत मात्र ‘सीपी३११’ आणि ‘विन-एएमडी६४’ अशी अक्षरे दिसतात: फक्त पायथन ३.११ साठी, फक्त ६४ बिटी विंडोजसाठी. तिच्यात सी भाषेतून यंत्रभाषेत उतरवलेला भाग असतो, त्यामुळे स्क्रायबसच्या पोटातला पायथन ३.१० वा ३.१२ असेल तर ती चालायची नाही. एक्सेल वाचायला म्हणून पुष्कळ लोक सवयीने पांडास घेतात. पांडाससोबत नमपाय येते, तारखा आणि टाइमझोनच्या लायब्ऱ्या येतात, आणि एवढे करून एक्सएलएसएक्स वाचायला पांडासला ओपनपायएक्सएलसारखी वेगळी लायब्ररी लागतेच. ओपनपायएक्सएलला मात्र ‘ईटी-एक्सएमएलफाइल’ ही एक छोटी लायब्ररी पुरते. सभासदांचे नाव, गाव आणि क्रमांक वाचण्यासाठी नमपाय ओढून आणणे म्हणजे पुढच्या वर्षीची अडचण आजच विकत घेणे. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आली, तेव्हा आधीच्या आवृत्तीवर बांधलेल्या अनेक लायब्ऱ्या तिच्यासोबत चालेनात. ज्यांनी आवृत्ती ठरवून ठेवली नव्हती त्यांची कालपर्यंत चालणारी कामे एका अद्यतनाने बंद पडली.

यातून एक प्रश्न आपोआप पुढे येतो: लायब्ररी खरेच लागते का? मराठीपुरते त्याचे उत्तर बरेचदा ‘नाही’ असे आहे, आणि हे मला आवर्जून सांगायचे आहे. यादी वर्णानुक्रमे लावायचे उदाहरण घ्या. पायथन अक्षरांची तुलना युनिकोडमधल्या क्रमांकांवरून करतो. युनिकोडमध्ये ‘ळ’ हे ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी बसवलेले आहे. म्हणून पायथनच्या यादीत आधी काळे, मग कावळे, मग काशीकर येतात. मराठी वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’च्या नंतर येतो, तेव्हा खरा क्रम कावळे, काशीकर, काळे असा हवा. क्षीरसागर मंडळी ‘क’च्या शेवटी, ‘ख’च्या आधी जाऊन बसतात, कारण संगणकाच्या लेखी ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष. यावरचे रीतसर औषध म्हणजे आयसीयू ही मोठी लायब्ररी आणि तिला पायथनशी जोडणारी पायआयसीयू. तिच्यात भाषानिहाय क्रम दिलेले असतात. पण ती सी++ मध्ये आहे, विंडोजवर पिपने घ्यायला गेले तर बहुधा उगमसंहिता हाती येते आणि कंपायलर नसलेल्या दुकानात प्रकरण तिथेच संपते. याउलट केवळ तुलनेपुरते ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांना ‘ह’च्या पुढचे क्रमांक देणारे, छापायच्या मजकुराला हात न लावणारे छोटे फंक्शन दहाएक ओळींत लिहून होते.

लायब्ररीवाचून भागते याचे दुसरे उदाहरण वर्ध्याचेच आहे. काका कालेलकरांनी पुरस्कारलेली ‘अ’ची बाराखडी वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या प्रकाशनांत वापरली गेली, आणि मराठीत किर्लोस्कर मासिकानेही ती चालवली. ‘अिमारत’, ‘अुपाय’, ‘अेक’ असे त्या काळचे छापील शब्द आज पुन्हा जुळवताना ‘इमारत’, ‘उपाय’, ‘एक’ करायचे असतील तर युनिकोडचे सामान्यीकरण (नॉर्मलायझेशन) उपयोगी पडत नाही, कारण त्याच्या लेखी ‘अि’ आणि ‘इ’ यांचा काही संबंध नाही. पण बदलायच्या जोड्या मुख्यतः सहाच आहेत: इ, ई, उ, ऊ, ए, ऐ. ओ आणि औ मुळातच त्या पद्धतीने लिहिले जातात. सहा अदलाबदलींसाठी कोणाची लायब्ररी कशाला?

जी लायब्ररी खरोखर लागते ती मात्र नीट ठेवावी. अहवालाच्या फोल्डरात स्क्रायबसची फाइल, छायाचित्रे आणि फाँट यांच्या शेजारी ‘लिब’ नावाचे फोल्डर करायचे. पिपला ‘टार्गेट’ म्हणून त्याचा पत्ता द्यायचा आणि आवृत्ती दोन बरोबरच्या चिन्हांनी बांधून सांगायची. संगणकावरचा पायथन आणि स्क्रायबसचा पायथन वेगळ्या आवृत्तीचे असतील तर पिपला ‘पायथन-व्हर्जन’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ही सांगता येतात. त्यासोबत ‘ओन्ली-बायनरी’ जोडले की ते नेमकी स्क्रायबसला चालणारी व्हील आणते. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींत उघडलेल्या दस्तऐवजाचा पत्ता विचारून ‘लिब’ला ‘पाथ’च्या सगळ्यात पुढे ठेवायचे. उतरवलेल्या व्हील फाइलीही तिथेच राहू द्यायच्या, म्हणजे इंटरनेट गेलेले असले तरी लायब्ररी पुन्हा बसवता येते. हे केले की यंत्र फॉरमॅट झाले तरी बिघडत नाही. फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडले की काम सुरू. एक मर्यादा तरीही राहते: यंत्रभाषेतली लायब्ररी असेल तर पायथनची आवृत्ती जुळलीच पाहिजे. स्क्रायबसची १.४ मालिका पायथन २ वर चालायची, जानेवारी २०२४ मधली १.६ पायथन ३ वर चालते. त्या उडीत जुन्या स्क्रिप्टही दुरुस्त कराव्या लागतात. निखळ पायथनची लायब्ररी घ्यावी, असे म्हणण्याचे हे आणखी एक कारण.

मोठ्या सॉफ्टवेअरांची पावलेही याच दिशेने पडत आहेत. २०२३ मधल्या डेबियन १२ या लिनक्सपासून यंत्रणेच्या पायथनमध्ये पिपने थेट काही टाकायला गेले तर ते नकार देते आणि वेगळे (व्हर्च्युअल) वातावरण करा म्हणून सांगते. जुलै २०२४ च्या ब्लेंडर ४.२ मध्ये एक्स्टेंशनची पद्धत आली. तिच्यात लागणाऱ्या व्हील फाइली एक्स्टेंशनच्या गठ्ठ्यातच द्यायच्या आणि इंटरनेट लागत असेल तर तसे आधी जाहीर करायचे. वास्तुविशारदांच्या ऱ्हायनोमध्ये पूर्वी आयर्नपायथन हा पायथनचा वेगळा अवतार होता, त्यात नमपाय चालतच नसे. आठव्या आवृत्तीत मूळ पायथन ३ आला आणि स्क्रिप्टच्या माथ्यावरच्या एका शेऱ्यात हवी ती लायब्ररी लिहून देता येते. सोयी निरनिराळ्या आहेत, पण काय लागते हे कामाने स्वतःसोबत सांगावे हा विचार तिन्हींत आहे.

यावर पहिला आक्षेप जागेचा: प्रत्येक कामात तीच लायब्ररी पुन्हा ठेवायची का? ठेवायची. ओपनपायएक्सएलची व्हील काहीशे किलोबाइटची असते, अध्यक्षांचे मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र तिच्या कित्येक पट भरते. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. एकाच सॉफ्टवेअरमध्ये दोन कामे लागोपाठ उघडली आणि दोघांना एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या हव्या असल्या तर? ब्लेंडरसारख्या ठिकाणी सगळ्या स्क्रिप्ट एकाच पायथनमध्ये चालतात आणि एका नावाखाली एकदा चढवलेली आवृत्तीच पुढे चालू राहते. शेजारी फोल्डर ठेवल्याने हे सुटत नाही, हे मान्य केले पाहिजे. तिथे जड काम बाहेर करावे. वेगळ्या वातावरणातल्या पायथनने एक्सेल वाचून, क्रम लावून साधी सीएसव्ही तयार करावी आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरने फक्त ती भरावी. सीएसव्ही वाचायला पायथनला बाहेरचे काहीच लागत नाही. उलट मग विचारावे लागते, की ग्राहकानेच एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून फाइल का देऊ नये? देत असेल तर उत्तमच. मात्र साधी सीएसव्ही निवडली गेली की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात, आणि ही चूक सभेच्या तोंडावर ग्राहकाला समजावत बसणे परवडत नाही. म्हणून मी एक्सेलची मूळ फाइल वाचण्याच्या बाजूचा आहे.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा आणि तो सर्वांत वजनदार. आवृत्ती बांधून ठेवली की तिच्यातले दोषही बांधले जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रे उघडणाऱ्या लिबवेबपीमध्ये गंभीर दोष सापडला, तेव्हा छायाचित्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या पिलोलाही नवी आवृत्ती काढावी लागली. ग्राहकाच्या मोबाइलवरून आलेली चित्रे उघडणारी लायब्ररी वर्षानुवर्षे जुनी ठेवणे धोक्याचेच. पण ‘नेहमी नवीनतम’ हेही सुरक्षित नाही. मे २०२२ मध्ये पायपीआय या पायथन-लायब्ऱ्यांच्या भांडारातल्या ‘सीटीएक्स’ लायब्ररीच्या जुन्या कर्त्याचे डोमेन मुदत संपून मोकळे झाले, कोणीतरी ते घेऊन खाते ताब्यात घेतले आणि संगणकातली गुपिते पळवणाऱ्या आवृत्त्या चढवल्या. त्या दिवसांत आवृत्ती न सांगता ती बसवणाऱ्यांकडे त्याच आल्या. म्हणून बाहेरून आलेल्या फाइली उघडणारी लायब्ररी आणि आपलाच मजकूर हाताळणारी लायब्ररी यांना एक नियम लावू नये. पहिलीची नवी आवृत्ती दर हंगामाच्या सुरुवातीला, म्हणजे जुलैत, घ्यावी आणि गेल्या वर्षीच्या फाइलीवर चालवून पाहावी. दुसरीला काम नीट होत असेल तोवर हात लावू नये. आणि दोन्हींचे नाव, आवृत्ती आणि हॅश (फाइलीची ओळख पटवणारा आकडा) ‘लिब’ शेजारच्या मजकूर फाइलीत लिहून ठेवावेत. हॅश दिलेला असला आणि मिळालेली फाइल त्याच्याशी जुळली नाही तर पिप ती बसवायला स्वतःहून नकार देते.