कुरडूच्या रानात ठेंगणा कोंबडा

भाद्रपदात शिरूर-दौंडच्या माळांवर बाजरी निसवते, तेव्हा तिच्या ओळींतून कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे डोके काढतात. पावसाळ्याच्या तोंडी जिची कोवळी पाने भाजीला खुडली, तीच वनस्पती आता तण म्हणून खुरप्याखाली जाते. दौंडहून रेल्वेने सोलापूर गाठले, तर तिथे तेलुगू भाषक पद्मशाली समाज बतुकम्मा साजरा करतो. तेलंगणात या सणाच्या फुलांच्या थरांत कुरडूला, तिथल्या गुनुगूला, मानाची जागा आहे.

बागेतला कोंबडा या कुरडूचाच भाऊबंद. दोघेही सेलोशिया, राजगिरा आणि माठाच्या कुळातले. कोंबड्याचा लाल रंग बीटमध्ये असतो त्याच जातीच्या रंगद्रव्याचा. नागमोडी तुरा तयार होतो तो शेंड्याची वाढ एका टोकाशी न राहता आडवी पसरत गेल्यामुळे.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत वर्षाकाठी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. यवत भागातली शेवंती थंडीत साथ देते, पण चैत्र-वैशाखात दारातले वाफे उघडे पडतात. त्या दिवसांसाठी ठेंगण्या कोंबड्याइतके योग्य फूल मला दुसरे दिसत नाही. त्याला ऊन मानवते, थंडीत मात्र तो खुंटतो. जगभर त्याच्या बुटक्या जाती निवडल्या गेल्या. त्यांतल्या 'फ्रेश लुक रेड'ला २००४ मध्ये अमेरिकेतल्या 'ऑल-अमेरिका सिलेक्शन्स'चे सुवर्णपदक मिळाले. उंची जेमतेम फूट-सव्वा फूट. जुना उंच कोंबडा वाऱ्याने कलंडतो, त्याला काठी लावावी लागते. याला ती लागत नाही.

दौंडच्या वेशीलगत, उरुळी कांचन-सोरतापवाडीच्या पट्ट्यात, रस्त्याकडेला रोपवाटिकाच रोपवाटिका आहेत. तयार कुंडी तिथे सहज मिळेल, तरी बियांपासूनच सुरुवात करावी असे मी आग्रहाने सांगेन. कुंडीतल्या फुलझाडांचा बुटकेपणा काही वेळा जातीचा नसतो, पॅक्लोब्युट्राझोलसारख्या वाढरोधकाचा असतो. आपण पेरलेल्या जातीची उंची आपल्याला ठाऊक असते.

बी काळेभोर, चकचकीत. एका ग्रॅममध्ये हजाराच्या आसपास. माघात, थंडी ओसरू लागली की पेरावे. ९८ कप्प्यांच्या प्रोट्रेत ओलसर कोकोपीट भरून कप्प्यात दोन-तीन बिया टाकाव्यात आणि वर नुसती भुरभुर द्यावी. खोल गाडलेले बी वर येत नाही. आठवड्या-दीड आठवड्यात उगवण दिसते. मग कप्प्यात एकच रोप ठेवावे. पाणी सकाळी, तेही बेताने. सतत चिंब राहिलेली रोपे बुडाशी कुजून आडवी पडतात.

खरी कसोटी पुढे आहे. चार-पाच पाने फुटली की रोप हललेच पाहिजे. कप्प्यात मुळ्या गुंडाळल्या, पाण्याचा ताण बसला, की ते बोटभर उंचीवरच तुरा काढते आणि पुढे जमिनीत लावले तरी नीट वाढत नाही. लोक दोष उन्हाला देतात. दोष जून झालेल्या रोपाचा असतो. दिवस लहान असतानाही फूल लवकर धरते, म्हणून ऑक्टोबरनंतरच्या पेरणीत झाड किरकोळ राहते.

शिरूरची मुरमाड जमीन शेणखत घालून चालते, पाणी धरून ठेवत नाही हा तिचा गुण. दौंडच्या कालव्याखालच्या भारी, काही ठिकाणी चोपण झालेल्या रानात मात्र गादीवाफाच करावा. दोन रोपांत वीतभर अंतर पुरे. पिसासारखा फुलोरा येणाऱ्या जातीचा शेंडा खुडला तर फांद्या फुटतात. नागमोडी तुऱ्याच्या जातीचा कधीही खुडू नये, मुख्य फूलच जाते.

बी घरचे धरायचे तर सर्वांत बुटके, भरदार झाड हेरून फुलावर आधीच मलमलीची पिशवी बांधावी, कारण मधमाश्या शेजारच्या जातीचे पराग आणतात. बी तुऱ्याच्या खालच्या अंगाला भरते. फूल वाळले की कागदावर चोळावे, कोंडा फुंकून काढावा आणि बी कोरड्या बाटलीत पुढच्या माघापर्यंत ठेवावे.