सैल चित्र, पक्के निर्णय: जलरंगातला गोदाघाट



नदीकाठच्या शहराचं सैल हाताने केलेलं जलरंगचित्र पाहिलं, की वाटतं, पटापट ब्रश फिरवला आणि जमून गेलं. खिडक्या मोजता येत नाहीत, माणसं म्हणजे नुसते ठिपके, पलीकडची घरं धुक्यात विरलेली. पण अशा चित्रातले बरेचसे निर्णय कागद ओला करण्याआधीच झालेले असतात. असं का, ते आज विज्ञानाच्या अंगाने पाहू. उदाहरण म्हणून नाशिकचा गोदाघाट घेऊ: देवळांचे कळस, पायऱ्या, माणसांची वर्दळ आणि मागे घरांची दाटी.

उजेड म्हणजे कागद. पारदर्शक जलरंगात प्रकाश रंगाच्या पातळ थरातून कागदापर्यंत जातो आणि परत येतो. म्हणून सगळ्यात उजळ जागा म्हणजे न रंगवलेला कागद. एकदा रंग मुरला की तो पांढरेपणा पूर्णपणे परत मिळत नाही. पायरीवरचं ऊन कुठे राखायचं, हे आधीच ठरवावं लागतं. टर्नरने १८१९ मध्ये व्हेनिसला केलेली सकाळची जलरंगचित्रं जरूर बघा. इमारतींचे तपशील अगदी थोडे आहेत, तरी सकाळ लगेच ओळखू येते.

कड म्हणजे वेळ. ओल्या कागदावर रंग टेकवला की रंगकण पाण्याबरोबर पसरतात आणि कडा मऊ होतात. मागची घरं याच वेळी उरकायची. कागदावरची चकाकी ओसरली, पण ओल आहे, ही सगळ्यात धोक्याची वेळ. तेव्हा पाण्याने भरलेला ब्रश लावला तर पाणी कमी ओल्या भागाकडे सरकतं, रंगकण पुढे ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दातेरी डाग पडतो. कळसाची रेघ मात्र कागद पूर्ण सुकल्यावरच मारायची, म्हणजे ती ठसठशीत येते.

सुकलेल्या रंगाची कड गडद का दिसते? चहाच्या वाळलेल्या थेंबाची दिसते तशीच. डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये याचं स्पष्टीकरण दिलं: थेंबाची कड जागेवर अडकलेली असते, कडेचं पाणी उडून जातं आणि ते भरून काढायला आतलं पाणी कण घेऊन बाहेर वाहतं.

पाणी म्हणजे कोन. पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर जेमतेम २ टक्के प्रकाश परावर्तित होतो. नजर तिरपी होत जाते तसं हे प्रमाण खूप वाढतं. म्हणून दूरचं पाणी आकाशासारखं उजळ दिसतं आणि पायाशी असलेलं पाणी गडद. लाटांमुळे प्रतिबिंबं उभी लांबतात, त्यामुळे कळसाचं प्रतिबिंब दोन-चार उभ्या, तुटक फटकाऱ्यांत भागतं.

आता मुद्द्याचं. रंगवण्याआधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पेन्सिलने फक्त तीन छटांत घाट मांडा: उजळ, मधली, गडद. यात न बसणाऱ्या गोष्टी चित्रातून जातात. प्रत्येक खिडकी काढली तर नजर कुठेच थांबत नाही. खिडक्या सोडल्या, कारण नजर उन्हातल्या कळसावर थांबायला हवी होती, असं उत्तर तयार असेल, तर तो सैलपणा. उत्तरच नसेल, तर तो ढिसाळपणा.

सिनॉप्सिस लिहिताना आपण नेमकं उलटं करतो. वाचलेलं सगळं कोंबतो, पाच उद्दिष्टं लिहितो आणि मग कोणीतरी विचारतं, “हा घटक का नाही मोजला?” तेव्हा ततपप होतं. म्हणून लिहायला बसण्याआधी एका पानावर दोन रकाने करा: काय ठेवलं आणि काय सोडलं. सोडलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे एका ओळीत कारण लिहा. ते पान गाइडना आधी दाखवा, सिनॉप्सिस नंतर.