साल ओळखणारी माणसं

भोपाळच्या पिपलानीत करिअरची चर्चा यंत्रांपासून सुरू होते. 1956 मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स स्थापन झाली, पुढे ती 'भेल'मध्ये विलीन झाली आणि कारखान्याभोवती पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा अशी वसाहत उभी राहिली. 1956 मध्येच भोपाळ राजधानी झालं आणि नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांतली अनेक मराठी कुटुंबंही बदलीनं या शहरात आली. मुलानं इंजिनिअर व्हावं, नाहीतर डॉक्टर, हे अशा घरांत जवळजवळ ठरलेलं. 'नीट' हुकलेल्या मुलीनं बीएस्सीला बॉटनी घेतली की पहिला प्रश्न येतो, "मग पुढे काय?"

या प्रश्नाचं एक उत्तर भेलच्या शेजारीच, बरखेडा पठानीत आहे. राज्याच्या लघु वनोपज संघाचं प्रक्रिया आणि संशोधन केंद्र तिथे आहे. जंगलातून गोळा झालेल्या वनौषधींपासून तिथे आयुर्वेदिक औषधं बनतात आणि 'विंध्य हर्बल्स' या नावानं विकली जातात.

औषधांच्या या धंद्यात वनस्पतिशास्त्राचं काम नेमकं काय, ते अशोकाच्या सालीवरून कळतं. स्त्रीरोगांवरच्या औषधांत सीतेचा अशोक लागतो. तो शेंगवर्गातला, संयुक्त पानांचा, केशरी-लाल फुलांच्या गुच्छांचा. शहरांत रस्त्याकडेला जो उंच, सरळसोट 'अशोक' लावतात, तो सीताफळाच्या कुळातला. त्याची पानं साधी, कडा लाटांसारख्या, फुलं हिरवट. झाड समोर असलं तर शाळकरी मुलगाही फरक सांगेल. बाजारात मात्र वाळलेले तुकडे येतात आणि सीतेच्या अशोकाच्या नावावर दुसऱ्याची साल खपवली जाते. तिथे सालीचा पातळ छेद घ्यावा लागतो, सॅफ्रॅनिननं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना पाहावी लागते. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये कंटाळत केलेलं हेच काम. औषध नियमावलीच्या 'टी' अनुसूचीत गुणवत्ता नियंत्रणासाठी वैद्य आणि रसायनतज्ज्ञ यांच्या जोडीनं वनस्पतितज्ज्ञाचाही उल्लेख आहे, हे पालकांना कुणी सांगत नाही.

बाकीच्या वाटाही भोपाळमधूनच फुटतात. शहरात बरकतउल्ला विद्यापीठ आहे, मोतीलाल विज्ञान महाविद्यालय आहे, 2008 पासून आयसर आहे. नबीबागेत 1988 मध्ये सुरू झालेली मृदा विज्ञान संस्था आहे. 1982 ची भारतीय वन व्यवस्थापन संस्थाही इथलीच. यूपीएससीच्या भारतीय वन सेवेच्या परीक्षेला वनस्पतिशास्त्राची पदवी चालते आणि तो ऐच्छिक विषय म्हणूनही घेता येतो. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या असतात. झाडं न ओळखणाऱ्यानं त्या भरल्या तर त्यांना किंमत राहत नाही. देशात सर्वाधिक वनक्षेत्र असलेल्या राज्यात तर हे काम संपणारंच नाही.

तरी खरं सांगायला हवं : नुसत्या बीएस्सीवर फार काही हाती लागत नाही. एमएस्सी, मग नेट, मग पीएचडी हा रस्ता लांबचा आहे आणि तेवढी वर्षं घराला धीर धरावा लागतो. माझी काळजी मात्र वेगळी आहे. डीएनएवर काम करायला मुलं उत्सुक असतात आणि ते चांगलंच आहे. पण रानात उभं राहून कुळ सांगणारे कमी होत चालले आहेत. नमुना चुकीचा ओळखला तर त्यावरचं पुढचं महागडं संशोधनही चुकतं.

मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर कोलकाता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. 1946 मध्ये त्यांच्या पुढाकारानं पुण्यात उभी राहिलेली संस्था आज त्यांच्याच नावानं चालते. तिथे गहू आणि सोयाबीनचे वाण तयार होतात, ते शेतकऱ्याच्या रानात पोचतात. एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या कामाचा पल्ला एवढा असू शकतो.

म्हणून पिपलानीतल्या काय किंवा पुण्यातल्या काय, पालकांना एवढीच विनंती : प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी कॉलेजात जाऊन हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, बघून या. तिथल्या शेवटच्या नमुन्यावर कोणतं साल लिहिलंय ते वाचा आणि मुलांना वर्षातून किती वेळा रानात नेता, हे विभागप्रमुखांना विचारा. उत्तर समाधानकारक असेल तर मुलीला बेलाशक बॉटनी घेऊ द्या.