बॅटरी बदलण्याआधी रेग्युलेटर तपासा



आपल्यातले बरेच जण रोज मोटरसायकलनेच शाळा गाठतात. गाडी बटणावर चालू होईना, हॉर्न घोगरा वाजायला लागला, की आपण सरळ नवी बॅटरी टाकतो. चार-सहा महिन्यांत तीही बसते, मग बॅटरीवाल्याला नावं ठेवतो. पण पुष्कळदा दोष असतो तो चेसीला बोल्टने बसवलेल्या, कंगोरे असलेल्या ॲल्युमिनियमच्या एका डबीत. मेकॅनिक तिला आरआर युनिट म्हणतात, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर.

ही डबी काय करते? इंजिनबरोबर मॅग्नेट फिरतो आणि शेजारच्या कॉइलमध्ये वीज तयार होते. फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेलं तत्त्व ते हेच. ही वीज एसी असते आणि बॅटरीला लागते डीसी. हा बदल रेक्टिफायर करतो. दुसरी अडचण अशी, की रेस वाढली की व्होल्टही चढतात. बारा व्होल्टच्या बॅटरीला चार्ज व्हायला साधारण चौदा, साडेचौदा व्होल्ट पुरतात. त्यापुढे जाऊ न देणं हे रेग्युलेटरचं काम.

जास्तीच्या विजेचं काय करायचं, यावरून दोन प्रकार पडतात. शेतात दारं धरणाऱ्याला हे लगेच कळेल. वाफा भरला, पण पाटाला पाणी येतंच आहे. एक उपाय म्हणजे पाट फोडून पाणी ओढ्याला सोडायचं. शंट प्रकारचा रेग्युलेटर असंच करतो. जास्तीचा प्रवाह तो शॉर्ट करून कॉइलकडेच परत फिरवतो. त्यामुळे डबी तापते आणि कॉइलही सतत राबत राहते. दुसरा उपाय म्हणजे वरचं दारच बंद करायचं. हा सिरीज प्रकार. यात कॉइल थंड राहते. शंटमध्येही मॉसफेटवाले रेग्युलेटर जुन्या थायरिस्टरवाल्यांपेक्षा कमी तापतात. मोठ्या, थ्री-फेज गाडीचा रेग्युलेटर वारंवार जळत असेल, तर सिरीज किंवा मॉसफेटला जास्त पैसे मोजणं मला पटतं. शंभर सीसीच्या साध्या गाडीला मात्र कंपनीचा मूळ पार्टच बरा.

खरेदीआधी मल्टिमीटर हवा. तो डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावा. बंद गाडीत चांगली, पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. गाडी चालू करून रेस थोडी वाढवा. आकडा १३.८ ते १४.८ मध्ये थांबला, तर रेग्युलेटर ठीक आहे, दुसरीकडे शोधा. तो १५ च्या वर गेला तर बॅटरी उकळते, फुगते, बल्ब उडतात. शिवाय अशा बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ काडी-विडी नको. आकडा बारावरच अडकला तर मात्र लगेच रेग्युलेटरला दोष देऊ नका. आधी सॉकेट उघडून बघा. पिन काळी पडलेली किंवा वितळलेली असेल तर नवा रेग्युलेटरही तिथंच मरणार. मग मेकॅनिककडून कॉइलचा एसी व्होल्टेज मोजून घ्या. थ्री-फेज कॉइलच्या तिन्ही वायरींच्या जोड्यांत तो सारखाच चढायला हवा आणि कुठलीही वायर बॉडीला लागलेली नसावी. काही गाड्यांत रेग्युलेटरला बॅटरीचा व्होल्टेज कळवणारी वेगळी वायर असते. तिचा जोड गंजला तर रेग्युलेटरला आकडा कमी दिसतो आणि तो बिचारा जास्त चार्ज करत राहतो!

चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघायची एक जुनी पद्धत आहे. ती कुणालाही करू देऊ नका. बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतो आणि इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. २०२० च्या बीएस-६ नियमांनंतर बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं आहे. तिथं चार्जिंग बंद पडलं की पेट्रोलचा पंपही थांबतो. घाटात, रात्रीच्या वेळी, हे परवडणारं नाही.

आता दुकानात. नुसता सॉकेट बसतो म्हणून घेऊ नका. सिंगल फेज की थ्री-फेज, हे जुळलं पाहिजे. किती अँपिअरचा आहे तेही पाहा, कॉइल देते त्यापेक्षा कमी नको. अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटच्या एसीवर चालतो (रेस वाढवली की दिवा उजळतो, मुलांना जरूर दाखवा). त्यांच्या रेग्युलेटरला दिव्यासाठी वेगळी वायर असते, तिथं दुसरा चालत नाही. पार्ट नंबर जुन्या डबीवरून टिपून न्या. हातात हलकी लागणारी, कंगोरे जेमतेम असलेली, नाव-नंबर नसलेली डबी स्वस्तात मिळाली तरी नको. पक्कं बिल आणि वॉरंटी मागा.

बसवताना डबीमागची माती, गंज घासून काढायला सांगा, कारण तिची उष्णता तिथूनच चेसीत जाते. ती वाऱ्यात असावी, वर रेनकोटची पिशवी कोंबू नये. जोडणी झाली की दुकानातून निघण्याआधी तिथंच पुन्हा मल्टिमीटर लावा आणि आकडा बिलाच्या मागे लिहून ठेवा.