मंगलोरी कौलांची निगा

बासेल मिशनने १८६० च्या दशकात मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. ही कौले एकमेकांत अडकत असल्याने नळीच्या कौलांप्रमाणे दरवर्षी चाळावी लागत नाहीत. म्हणूनच त्यांकडे दुर्लक्ष होते. खाचांत पाला व शेवाळ साचले की पाणी तुंबते, रिपेवर झिरपते आणि रीप कुजते. घरातील डाग पुष्कळदा भलत्याच जागी दिसतो, कारण पाणी वाशावरून ओघळत आलेले असते. यास्तव पावसाळ्यापूर्वी खाचा झाडून प्रत्येक कौल टिचकीने वाजवून पाहावे. धड कौल खणखणते, तडकलेले बद्द वाजते. ते बदलताना वरचे कौल किंचित उचलून नवे सरकवावे. पाय मात्र रिपेच्या आधारावरच ठेवावा. अन्यथा एका कौलापायी चार फुटतात.