बैठक स्वस्तात, पण नियमात

विश्वस्तांची बैठक हॉटेलच्या हॉलमध्येच घ्या, असं कोणताही कायदा सांगत नाही. शाळा सुटल्यावरचा वर्ग पुरतो. शाळा खडकीला असेल, तर तिथे पुणे-लोणावळा लोकल थांबते. वेळ गाडीशी जुळवली की चिंचवड, शिवाजीनगरच्या विश्वस्तांचं रिक्षाभाडं वाचतं. संस्थेच्या घटनेत मुभा असेल तर विषयपत्रिका ईमेलनं पाठवावी. चहा घरून, थर्मासमधून. देणगीचा रुपया मुलांच्या वह्यांसाठी आलेला असतो, बिस्किटांसाठी नाही.

इतिवृत्ताच्या वहीत मात्र काटकसर नको. ठराव तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवावा. विश्वस्त बदलला, तर 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल अर्ज द्यावा लागतो. उशीर झाला की विलंबमाफीचा अर्ज, वकिलाची फी आणि हेलपाटे.