मटार सोलायला पाऊण तास

अर्धा किलो मटार मी एकटीनं सोलले तर पंधरा मिनिटांत काम उरकतं. साडेतीन वर्षांची लेक मदतीला बसली की पाऊण तास. सालं पातेल्यात, दाणे कचऱ्याच्या ताटलीत आणि चार-दोन थेट फ्रिजखाली. पूर्वी मी तिला खडू-कागद देऊन लांब बसवायचे, ‘काम झालं की खेळू’ म्हणायचे. काम संपेपर्यंत माझेच डोळे मिटायला लागायचे.

‘मुलांसाठी कामातून वेगळा वेळ काढायलाच हवा’

हा गैरसमज आमच्या पिढीनं फार मनावर घेतलाय. वेगळा वेळ मिळाला तर उत्तमच. पण काम इकडे आणि खेळ तिकडे, ही भिंत आपली. तीन-चार वर्षांच्या मुलाला ती दिसतच नाही. शेंगेची शीर ओढायची, अंगठ्यानं दाबून ती फोडायची, दाणा चिमटीत धरायचा. पुढे पेन्सिल धरायला बोटांत जी ताकद आणि जो ताबा लागतो, तो अशाच कामांतून येतो. कणकेचा उंडा मळताना, चिमणीएवढी पोळी लाटतानाही तेच.

शिवाय शब्द मिळतात. कोवळी, जून, किडकी, पोचट. चित्रांच्या पुस्तकातला वाटाणा नुसता गोल आणि हिरवा असतो. ‘पोचट’ म्हणजे काय ते शेंग दाबल्याशिवाय कळत नाही. वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावल्या की सारखं आणि वेगळं समजतं. ताटं मांडताना एका माणसाला एक ताट, हे खरं मोजणं. शंभरापर्यंत घडाघडा म्हणून दाखवणारं मूलही ‘पाच चमचे आण’ म्हटलं की मूठभर घेऊन येतं.

(एक पथ्य मात्र पाळा. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे खायला देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. निवडायला दिले तर शेजारून उठू नये. मटारचा दाणाही तोंडात टाकून पळू देऊ नये.)

‘ही कसली मदत, नुसती लुडबुड!’

जर्मनीतल्या लायप्झिगच्या माक्स प्लांक संस्थेतले फेलिक्स वॉर्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दीड वर्षाची २४ मुलं. त्यांच्यासमोर एक अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालतोय, चिमटा खाली पडतो, त्याचा हात पुरत नाही. असे आणखीही काही प्रसंग होते. कुणी सांगितलं नाही, बक्षीस नाही, साधी शाबासकीही नाही. तरी २४ पैकी २२ मुलांनी एकदा तरी आपणहून मदत केली. आपल्या बाल्कनीत बादलीतला ओला रुमाल ओढून काढणारं पोर नेमकं हेच करत असतं. त्याचं पाणी आपल्या पायावर सांडतं म्हणून आपल्याला ती लुडबुड वाटते.

या दोघांनी २००८ मध्ये पुढची गोष्ट दाखवली. वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल वस्तू बक्षीस दिली, तर बक्षीस बंद झाल्यावर ती मुलं कमी मदत करू लागली. तेव्हा ‘खेळणी आवर, चॉकलेट देते’ हा सौदा निदान या वयात तरी आपल्याच अंगाशी येतो.

काम वाढतं हे मी नाकारत नाही. घाईच्या सकाळी मीही ‘तू नको, सांडशील’ म्हणते. पण हे वाक्य रोज ऐकवलं, की तेच मूल सातव्या वर्षी हाका मारूनही उठत नाही. मग त्याला आळशी म्हणायला आपण मोकळे.

‘चांगलं साहित्य हवं, म्हणजे पैसे हवेत’

याचं उत्तर महाराष्ट्रात कधीच दिलं गेलंय. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं. अनुताई वाघ सोबत होत्याच. माँटेसरी पद्धतीचं आखीवरेखीव साहित्य तिथल्या आदिवासी पाड्यांना परवडणारं नव्हतं. मग पानं, फुलं, बिया, खडे, शिंपले हेच साहित्य झालं. धाकटी भावंडं सांभाळायची म्हणून मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज खेळण्यांच्या दुकानात ‘विकासासाठी उपयुक्त’ अशी चिठ्ठी लावलेली रंगीत मण्यांची पेटी पाहिली, की मला कोसबाडच्या त्या बिया आठवतात.

‘ज्याला बोलताच येत नाही त्याच्याशी काय बोलायचं?’

तेच, जे हातात आहे. तान्हं बाळ हुंकार देतं, आपण थांबून उत्तर देतो, ते पुन्हा हुंकारतं. संभाषणाची पाळी अशी त्या वयापासूनच समजू लागते. आणि जी भाषा आपल्याला न अडखळता येते त्याच भाषेत बोलावं. घरात दोन भाषा असल्यानं मूल उशिरा बोलत नाही, पण ‘पोचट’ला इंग्रजी शब्द शोधत बसलात तर शेंग हातातच राहील.

‘रोज तीच गोष्ट सांगून काय उपयोग?’

चिऊकाऊची गोष्ट शंभराव्यांदा सांगताना मलाही जांभया येतात. पण इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं, की वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांपेक्षा तीच गोष्ट पुन्हापुन्हा ऐकणाऱ्या मुलांना नवे शब्द जास्त चांगले कळले. आमच्या घरी गोष्टीतला पाऊस मी एकदा गाळून पाहिला. ताबडतोब पकडले गेले.

‘हे आईचं खातं’

नाही. रविवारी नवरा स्कूटर पुसतो, लेक मागचं चाक. दोघंही सारखेच काळे होतात.

‘मुलांना सतत रमवत ठेवलं पाहिजे’

हा माझा स्वतःचा जुना गैरसमज. ‘काय करू?’ म्हटलं की मी लगेच काहीतरी पुढे करायचे. परवा मटार संपले, मी फोडणीकडे वळले आणि उत्तरच दिलं नाही. ती दहा मिनिटं ओट्याला टेकून कुरकुरत होती. नंतर गप्प झाली म्हणून वळून पाहिलं, तर लादी पुसायच्या बादलीत शेंगांच्या सालांच्या सात-आठ होड्या तरंगत होत्या आणि एकीत एक दाणा प्रवासाला बसवलेला. मला बादली हवी होती. लादी संध्याकाळी पुसली.